जुन्या पिकअपच्या स्टेअरिंगचे तीन आवाज आणि मेकॅनिकचा स्टेथोस्कोप : आठ महिने वापरून लिहिते आहे

आमची पिकअप १८ वर्षांची आहे आणि मीटरवर २,४०,००० किलोमीटर झालेत. बाबांनी नवी घेतली होती. आधी तेच चालवायचे, गेली सहा वर्षं मी चालवते. नर्सरीची रोपं, मातीच्या गोण्या, कुंड्या, सगळी ने-आण हिच्यावरच. स्टेअरिंग हायड्रॉलिक पॉवरचं आहे, म्हणजे पंपाने दिलेल्या ऑइलच्या दाबाने हलकं होणारं. आणि हल्लीच्या गाड्यांसारखा रॅक (दातेरी आडवा दांडा) नसून जुन्या पद्धतीचा स्टेअरिंगचा वेगळा गिअरबॉक्स आहे. पुढे गिअरबॉक्स म्हणेन तो हाच, गिअर बदलायचा नव्हे. म्हणजे गिअरबॉक्स, त्याने हलणारा पिटमन आर्म, मधला लांब दांडा, त्याचं पलीकडचं टोक तोलून धरणारा आयडलर आर्म, मग दोन्ही चाकांकडे जाणारे टाय रॉड. जोड जितके जास्त तितक्या आवाज यायच्या जागा जास्त, हे ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

गेल्या वर्षी या गाडीतून तीन आवाज यायला लागले. पहिला घूंऽऽ असा. सकाळी इंजिन थंड असताना जास्त, स्टेअरिंग वळवलं की वाढायचा आणि रेस दिली की सूर वर चढायचा. दुसरा आवाज गाडी जागेवर उभी असताना वळवली की यायचा, टक्क. एकदाच, आणि दिशा बदलली की परत एकदा. तिसरा केबिनमध्ये पायांपाशी चुर्र-चुर्र, उन्हात गाडी तापली की जास्त.

ज्या गॅरेजात गाडी नेली तिथे बॉनेट उघडून जेमतेम अर्धा मिनिट ऐकलं आणि सांगितलं, पंप गेला, गिअरबॉक्सपण गेला, दोन्ही बदला. मी विचारलं, कशावरून? तर म्हणाले, आवाजावरून. तीन आवाजांतला कुठला कुठून येतो हे कुणी पाहिलंच नव्हतं. मी गाडी परत घेऊन आले आणि त्याच आठवड्यात हा स्टेथोस्कोप मागवला. इतक्या मोठ्या दोन वस्तू बदलायच्या तर निदान आवाज कुठला आहे ते आपल्या कानाने ऐकावं, एवढंच डोक्यात होतं.

वस्तू साधीच आहे. डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारख्या कानातल्या दोन नळ्या, खाली गोल डबी, डबीत पातळ पडदा, आणि डबीच्या तळाला छाती तपासायच्या चकतीऐवजी साधारण ३० सेंटिमीटरची पोलादी सळई. सळईचं टोक इंजिनच्या ज्या भागाला टेकवाल त्या भागाची थरथर सळईतून पडद्यावर येते आणि नळ्यांतून कानात. सळई दोन तुकड्यांत येते, आट्यांनी जोडायची. सोबत एक रबरी नळीही मिळते. सळई काढून तिच्या जागी नळी लावली की धातूला न टेकवता हवेतला आवाज ऐकता येतो. बॅटरी नाही, बटण नाही. बिघडण्यासारखं त्यात फारसं काही नाही, आणि मला तेच आवडलं.

आमच्याकडे आजवर हे काम लांब स्क्रूड्रायव्हरने व्हायचं. टोक पंपावर, मूठ कानाला. ती युक्ती खोटी नाही, ऐकू येतं. पण कान लावायचा म्हणजे डोकं पंख्याच्या आणि बेल्टच्या जवळ न्यावं लागतं, आणि दुसरा कान उघडा असल्याने इंजिनचा सगळा गोंगाट आत शिरतो. स्टेथोस्कोपने दोन्ही कान बंद होतात आणि तोंड वीतभर तरी लांब राहतं. पहिल्यांदा कानाला लावून सळई बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरवर टेकवली तेव्हा दचकलेच, इतका मोठा आवाज आला. तेव्हापासून सळई एकदम दाबत नाही. आधी हलकेच टेकवते, मग दाब वाढवते.

बाबा केबिनमध्ये बसले, इंजिन चालू, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकांना ओंडके. मी बॉनेटखाली. केस बांधलेले, ओढणी घरात. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण ऐकण्याच्या नादात नळी कुठे लोंबते आहे याचं भान राहत नाही आणि फिरता बेल्ट कुणाची वाट पाहत नाही.

ऐकायची रीत मला बाबांनी सांगितली : संशय ज्याच्यावर आहे तिथे सगळ्यात शेवटी जायचं. म्हणून आधी वॉटर पंप, मग अल्टरनेटर, मग बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर, मग मोकळी पुली. प्रत्येकाचा आवाज वेगळा असतो. चांगल्या बेअरिंगचा एकसारखा मऊ सळसळाट येतो. खराब असेल तर त्यात खडे घातल्यासारखी खरखर येते. हे सगळे ठीक निघाले. मग पॉवर स्टेअरिंग पंप. बाबांना हाक मारली, जरा डावीकडे घ्या. त्यांनी चाक वळवलं आणि तो घूंऽऽ सळईतून असा चढला की नळ्या कानातून काढाव्या लागल्या. जागा तर कळली, पंपच. गॅरेजवाले निम्मे बरोबर होते.

पण या वस्तूबद्दल सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला इथेच कळली. स्टेथोस्कोप आवाज कुठे होतो ते सांगतो, का होतो ते सांगत नाही. पंप ओरडतो आहे म्हणजे पंप मेला आहे, असं नाही. बऱ्याचदा पंपाला ऑइल पुरत नसतं किंवा ऑइलबरोबर हवा आत जात असते, म्हणून तो ओरडतो. ऑइलच्या डबीचं झाकण उघडलं तर आत फेस. ऑइल लालसर, पारदर्शक दिसायला हवं, ते गढूळ गुलाबी झालेलं, वर बारीक बुडबुडे. हवा कुठून येते? डबीतून पंपाकडे जाणाऱ्या नळीतून पंप ऑइल ओढत असतो, त्यामुळे त्या बाजूला दाब कमी असतो. तिथे फट पडली तर इंजिन चालू असताना ऑइल बाहेर गळण्याऐवजी हवा आत ओढली जाते. खाली डाग पडत नाही, म्हणून कुणाला शंका येत नाही. बाबांनी त्या नळीच्या जोडावर तेच ऑइल दोन-चार थेंब सोडायला सांगितलं. सोडलं, आणि मी सळई पंपावर धरून बसले. आवाज काही क्षण खाली आला, मग परत चढला. फट तिथेच होती. नळीचं टोक कडक होऊन तडकलं होतं आणि क्लिप नुसती नावाला बसलेली होती.

नवी नळी, नवी क्लिप, नवं ऑइल. ऑइल कुठलं ते डबीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. काही गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल लागतं, काहींना वेगळं. हाताला येईल ते ओतू नका. मग हवा काढायची. पुढची दोन्ही चाकं उचलून स्टँडवर घेतली, इंजिन बंद, झाकण उघडं, आणि बाबांनी स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश वीसेक वेळा फिरवलं. मी डबीत बघत होते. प्रत्येक फेरीला बुडबुडे वर येत होते, पातळी खाली जात होती, मी भर घालत होते. बुडबुडे थांबल्यावरच इंजिन सुरू केलं. इथे घाई केली तर फेस परत तयार होतो आणि काम पहिल्यापासून. घूंऽऽ गेला. पंप तोच आहे, आठ महिने झाले.

एक सांगून ठेवते, नाहीतर नवा माणूस घाबरेल. स्टेअरिंग अगदी टोकाला नेऊन धरलं की सूंऽऽ असा आवाज येतो. तो पंपाच्या आतल्या रिलीफ व्हॉल्व्हचा, दाब जास्त झाला की तो उघडतो. तो बिघाड नाही. पण टोकाला चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नका, ऑइल झपाट्याने तापतं. आणि वळवताना चींऽऽ असं किंचाळलं तर आधी बेल्ट बघा. त्यासाठी स्टेथोस्कोपची गरजच नाही, कडा चकाकलेल्या दिसतात आणि लांबून पाण्याचा हलका फवारा मारला की आवाज लगेच बदलतो.

आता टक्क. इथे या वस्तूने मला दोन रविवार दमवलं. पंपाचा आवाज सलग असतो, त्यामुळे सळई एका जागेवरून दुसऱ्या जागेवर नेत तुलना करता येते. टक्क एकदाच होतो आणि संपतो. त्यात स्टेअरिंगचे सगळे दांडे एकमेकांना जोडलेले पोलाद. एका टोकाला ठोका बसला की तो सगळीकडे पोचतो. मी पिटमन आर्मला सळई लावली, टक्क. मधल्या दांड्याला लावली, टक्क. डाव्या टाय रॉडला, तिथेही टक्क. सगळेच दोषी वाटायला लागले. थोडासा फरक असा जाणवला की उगमाजवळ आवाज कोरडा आणि टोकदार येतो, लांब गेलं की बोथट, धप्प असा. पण तेवढ्यावर भरवसा ठेवून मी सुटा भाग विकत आणला नसता.

शेवटी बाबांच्या जुन्या पद्धतीने सापडलं. गाडी जमिनीवर, चारही चाकांवर वजन, इंजिन बंद, किल्ली फक्त स्टेअरिंगचं लॉक सुटण्यापुरती फिरवलेली. बाबा स्टेअरिंग घड्याळाच्या दहा आणि दोनच्या मध्ये झटक्याझटक्याने हलवत राहिले आणि मी खाली सरकून एकेक जोड मुठीत धरला. सांध्यावर असा हात ठेवायचा की बोटं एका भागावर आणि अंगठा दुसऱ्यावर. दोन्ही भाग एकत्र हलले तर सांधा चांगला. एक आधी हलला आणि दुसरा मागून आला तर प्ले आहे, म्हणजे सांधा सैल आहे. टाय रॉडचे चारही एंड, म्हणजे टोकांचे सांधे, चांगले, पिटमन आर्म घट्ट, गिअरबॉक्सचे चॅसीवरचे बोल्ट घट्ट. हे बोल्ट प्रत्येकाने बघावेत. जुन्या पिकअपमध्ये ते सैल होतात, कधी त्या जागी चॅसीलाच तडा जातो आणि आवाज अगदी असाच येतो. मग आयडलर आर्मला हात लावला. अंगठ्याखाली काहीतरी वर उचललं गेलं आणि खाली बसलं, आणि त्याच क्षणी टक्क. कान न लावताही कळलं, बोटांतच लागलं. दांडा धरून वर-खाली केला तर बोटाच्या पेरापेक्षा थोडा कमी, पण डोळ्याला स्पष्ट दिसेल इतका हलत होता. बुश, म्हणजे सांध्यातली बाही, पार झिजलेला. तो बदलला, व्हील अलाइनमेंट करून घेतलं, आवाज बंद. गिअरबॉक्सला धक्काही लावला नाही.

म्हणून माझं मत असं : सलग येणाऱ्या आवाजासाठी, म्हणजे पंप, बेअरिंग, पुली, यासाठी हा स्टेथोस्कोप डोळे मिटून घ्यावा. एकदाच होणाऱ्या ठोक्यासाठी आपला हात आणि केबिनमध्ये बसलेलं दुसरं माणूस यांना तोड नाही. विकणाऱ्यांच्या माहितीत 'सर्व प्रकारचे आवाज शोधा' असं लिहिलेलं असतं, ते मला पटलेलं नाही.

चुर्र-चुर्रला मात्र त्या रबरी नळीने कमाल केली. सळई स्टेअरिंगच्या कॉलमला लावून काहीच हाती लागत नव्हतं, कारण रबर घासण्याचा आवाज धातूत नीट उतरत नाही. नळी लावून तिचं टोक पायांपाशी फिरवलं. कॉलमच्या वरच्या बाजूला शांत, युजे क्रॉसपाशी, म्हणजे शाफ्टच्या वाकत्या सांध्यापाशी, शांत, आणि जिथे शाफ्ट केबिनमधून इंजिनकडे उतरतो त्या रबरी बुटापाशी, म्हणजे शाफ्टभोवतीच्या रबरी आवरणापाशी, नळी नेली तर कानात चुर्र! बूट कोरडा पडला होता. तिथे सिलिकॉनचं ग्रीस लावलं. साधं ग्रीस रबरावर लावू नका, काही रबरं त्याने फुगतात. पाच मिनिटांचं काम होतं आणि मी चार महिने त्या आवाजाबरोबर गाडी चालवली होती.

आता वस्तूचे दोष. कानात जाणारे बोंडू कडक प्लॅस्टिकचे आहेत, दहा मिनिटांनी कान दुखतात. मऊ बोंडू सोबत द्यायला हवे होते. दुसरा दोष जास्त गंभीर आहे. सळईच्या दोन तुकड्यांचा आट्यांचा जोड इंजिनच्या थरथरीने सैल होतो आणि मग सळईच बारीक टिकटिक करायला लागते. मला एकदा पंपाचं बेअरिंग वाजतंय असंच वाटलं. प्रत्येक जागी तीच टिकटिक आली तेव्हा शंका आली. सळई उलगडून परत आवळली आणि टिकटिक गेली. आता दर वेळी सुरुवातीला जोड आवळून घेते. तिसरं म्हणजे सळई उघड्या धातूची आहे. अल्टरनेटरच्या मागच्या मोठ्या टर्मिनलवर बॅटरीचा करंट कायम असतो. सळई एकाच वेळी त्या टर्मिनलला आणि बॉडीला टेकली तर ठिणग्या उडतील, हात भाजेल. मी टोकाची दोन बोटं जागा सोडून बाकी सळईला इन्सुलेशन टेप गुंडाळून घेतली आहे. बनवणाऱ्यांनी हे आधीच करून द्यायला काय हरकत होती? एक्झॉस्टजवळ सळई पटकन तापते, तेही लक्षात ठेवा.

गाडी चालत असतानाचे आवाज या साधनाच्या आवाक्याबाहेर आहेत. त्यासाठी क्लिपवाल्या मायक्रोफोनचा संच येतो. चार-सहा क्लिपा वेगवेगळ्या भागांना लावायच्या, वायरी केबिनमध्ये आणायच्या आणि चालवताना हेडफोनवर एकेक ऐकायचं, अर्थात चालवणारा वेगळा आणि ऐकणारा वेगळा. ओळखीतल्या एकांकडून तो दोन दिवस आणून वापरला. बॉल जॉइंट आणि व्हील बेअरिंग यांतला फरक काढायला तो उत्तम आहे. पण वायरी नीट बांधायला अर्धा तास जातो, आणि क्लिप वाऱ्यात असेल तर वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नाही. ज्यांचं गॅरेज आहे त्यांनी जरूर घ्यावा. घरच्या एका गाडीसाठी मला त्याची गरज वाटली नाही. बेअरिंगची शंका असेल तर मोकळ्या सरळ रस्त्यावर हलकं डावीकडे-उजवीकडे घेऊन बघा. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकावर जातं. तेव्हा घरघर वाढली तर उजवं बेअरिंग तपासायचं, आणि तो स्टेअरिंगचा आवाज नव्हेच.

पाचपैकी मी चार देते. एक कापला तो त्या आट्यांसाठी आणि उघड्या सळईसाठी.

आणखी एक, जे वस्तूच्या माहितीत कुठे लिहिलेलं नाही. बाबांना गेली काही वर्षं कमी ऐकू येतं. पंप ओरडत होता तेव्हा माझ्या आधी त्यांनी ओळखलं होतं, पण कानाने नाही. "स्टेअरिंग हाताला बारीक थरथरतंय," म्हणाले होते, आणि मी तेव्हा लक्ष दिलं नव्हतं. नळी बदलून झाल्यावर त्यांना म्हटलं, तुम्ही एकदा ऐका. त्यांनी नळ्या कानात घातल्या, सळई पंपावर टेकवली आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग सळई उचलून गिअरबॉक्सवर, तिथून वॉटर पंपावर, तिथून टेन्शनरवर. हळूहळू, एकेका ठिकाणी थांबत. इंजिनचा आवाज त्यांना इतका जवळून किती वर्षांनी ऐकू येत होता, कोण जाणे. "हा गिअरबॉक्स अजून दहा वर्षं बोलणार नाही," एवढं म्हणाले.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी ते बॉनेट उघडून एक फेरी करतात आणि मी केबिनमध्ये बसून सांगतील तसं चाक वळवते. गेल्या रविवारी अल्टरनेटरवर थांबले, सळई परत टेकवली, मला हाताने रेस कमी करायला सांगितलं आणि पुन्हा ऐकलं. मी उतरून ऐकलं तर मला आधी काहीच वेगळं वाटलं नाही. त्यांनी सळई पुलीच्या बाजूला बोटभर सरकवून दिली. मग ऐकू आली, अगदी खाली, वाळूचे चार कण असावेत तेवढी खरखर. बेअरिंग मागवलं आहे.